मोठी संख्या तपासावी कशी? एका संख्येवर केलेलं पूर्ण काम

८,७५,३९,३१९.

आठ कोटी पंचाहत्तर लाख एकोणचाळीस हजार तीनशे एकोणीस. नुसती पाहिली तर ही संख्या काहीच बोलत नाही. शेवटी शून्यं नाहीत, अंकांची काही नक्षी नाही. पण कागद-पेन्सिल घेऊन रीतसर तपासत गेलं की हिच्या पोटातून एक फार देखणी गोष्ट बाहेर येते, आणि त्यासाठी शाळेतल्या गणितापलीकडे काही लागत नाही. या लेखात ते काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवलं आहे. उदाहरणाला संख्या ही घेतली असली, तरी रीत कुठल्याही मोठ्या संख्येला चालते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. विभाजक किती, वर्ग आहे का, दोन वर्गांची बेरीज होते का, घनांची होते का, असे प्रश्न पुष्कळदा सुटे सुटे शिकवले जातात. त्यामुळे प्रत्येकाचं उत्तर वेगळं शोधावं लागतं असं वाटतं. प्रत्यक्षात एकदा मूळ अवयव हाती आले की यातली बहुतेक उत्तरं तिथूनच निघतात. म्हणून वेळ घालवायचा तो अवयव पाडण्यात. बाकीच्या पायऱ्या झटपट होतात.

कॅल्क्युलेटर जवळ ठेवायला हरकत नाही. मात्र बाक्या निदान एकदा हाताने काढून पाहा. संख्येची ओळख होते ती तिथेच.

आधी संख्या नीट मांडा आणि तिचा आवाका घ्या

कागदावर संख्या दोनदा लिहा. एकदा आपल्या नेहमीच्या पद्धतीने, कोटी-लाखांचे स्वल्पविराम देऊन: ८,७५,३९,३१९. दुसऱ्यांदा उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून: ८७ | ५३९ | ३१९. दुसरी मांडणी थोड्याच वेळात फार उपयोगी पडणार आहे.

मग वर्गमूळ आणि घनमूळ अंदाजाने काढून कोपऱ्यात लिहून ठेवा. ९,४०० चा वर्ग ८,८३,६०,००० होतो, म्हणजे आपलं वर्गमूळ त्याहून थोडं कमी. जवळ जवळ जात गेलं की ९,३५६ चा वर्ग ८,७५,३४,७३६ येतो आणि ९,३५७ चा वर्ग आपल्या संख्येच्या पुढे जातो. घनमूळही तसंच: ४४४ चा घन ८,७५,२८,३८४, आपल्या संख्येपेक्षा जेमतेम १०,९३५ ने कमी. तर वर्गमूळ ९,३५६ च्या किंचित वर, घनमूळ ४४४ च्या किंचित वर.

वर्गमूळाचा उपयोग असा: संख्या मूळ नसेल, तर तिचा निदान एक मूळ अवयव वर्गमूळापेक्षा मोठा असूच शकत नाही. दोन्ही अवयव वर्गमूळाहून मोठे असते, तर त्यांचा गुणाकार संख्येच्या पलीकडे गेला असता. म्हणजे अवयव शोधताना ९,३५६ च्या पुढे कधीच जावं लागणार नाही. तेवढ्यातही अकराशेहून जास्त मूळ संख्या आहेत, पण घाबरू नका. हे काम किती लवकर आटोक्यात येतं ते दिसेलच.

शेवटचे अंक काय सांगतात

शेवटचा अंक ९. म्हणजे २ ने आणि ५ ने भाग जात नाही.

शेवटचे दोन अंक १९. चारने भागल्यावर बाकी काय उरते हे फक्त शेवटच्या दोन अंकांवरून ठरतं, कारण १०० ला ४ ने पूर्ण भाग जातो. १९ मधून १६ गेले, बाकी ३. याच दोन अंकांवरून आणखी एक निकाल लागतो: ही संख्या पूर्ण वर्ग नाही. विषम संख्येच्या वर्गात दशकस्थानी नेहमी सम अंक असतो (०१, ०९, २५, ४९, ८१ पाहा, आणि पुढे कितीही मोठा वर्ग घेतला तरी दशकात भर पडते ती सम आकड्याचीच). आपल्या संख्येच्या दशकस्थानी १ आहे. वर्गमूळ न काढता प्रश्न मिटला.

शेवटचे तीन अंक ३१९. १,००० ला ८ ने भाग जातो, म्हणून आठची बाकी या तिघांवरून कळते. ३१२ म्हणजे ८ × ३९, उरले ७. ही ७ लक्षात ठेवा. बरेच जण इथे ‘आठने भाग जात नाही’ एवढं म्हणून पुढे जातात आणि बाकी विसरतात. खरं तर भाग गेला की नाही यापेक्षा बाकी किती उरली ही माहिती जास्त मोलाची असते.

अंकांची बेरीज, आणि तिचा खरा उपयोग

८ + ७ + ५ + ३ + ९ + ३ + १ + ९ = ४५. दहा, शंभर, हजार या सगळ्यांना ९ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून संख्येची नवाची बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेची नवाची बाकी एकच असते. ४५ ला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो.

अंकांची बेरीज शेवटी ९ येते यात काही गूढ मात्र नाही. नवाच्या पाढ्यातल्या प्रत्येक संख्येचं तसंच होतं. या बेरजेचा खरा उपयोग दोन ठिकाणी: एक, ३ आणि ९ ची कसोटी, दुसरा, नवाचा ताळा. मोठा गुणाकार केला की दोन्ही संख्यांच्या नवाच्या बाक्यांचा गुणाकार उत्तराच्या नवाच्या बाकीशी जुळतो का ते पाहायचं. जुळला नाही तर चूक नक्की आहे. जुळला तर चूक नसेलच असं नाही, पण बहुतेक चुका इथेच पकडल्या जातात.

तीन-तीन अंकांच्या गटांची कसोटी

आता ती दुसरी मांडणी घ्या: ८७ | ५३९ | ३१९. विभाज्यतेच्या सगळ्या कसोट्यांत सर्वांत कामाची ही. एका बेरजेत आणि एका वजाबाकीत पाच मूळ संख्यांचा निकाल लागतो, तरी शाळेत हिला फारशी जागा मिळत नाही.

पहिला भाग: गटांची सरळ बेरीज करा. ८७ + ५३९ + ३१९ = ९४५. ९९९ म्हणजे २७ × ३७, म्हणून हजाराला २७ ने किंवा ३७ ने भागलं तर बाकी १ उरते. त्यामुळे २७ आणि ३७ साठी पूर्ण संख्येऐवजी ९४५ तपासलं तरी चालतं. ९४५ = २७ × ३५. म्हणजे आपल्या संख्येला नुसता ९ ने नाही, २७ ने भाग जातो! आणि ३७ ने? ३७ × २५ = ९२५, बाकी २०. नाही जात.

दुसरा भाग: गट उजवीकडून एकाआड एक मिळवा आणि वजा करा. ३१९ − ५३९ + ८७ = −१३३. १,००१ म्हणजे ७ × ११ × १३, म्हणून या तिन्ही संख्यांसाठी हजार हे −१ सारखं वागतं. उणे चिन्हाकडे दुर्लक्ष करा आणि १३३ तपासा. ७ × १९ = १३३, म्हणजे ७ ने भाग जातो. ११ ने भागलं तर १ उरतो, १३ ने भागलं तर ३ उरतात. दोन्ही बाद.

आता अवयव पाडा

२७ ने भागा: ८,७५,३९,३१९ ÷ २७ = ३२,४२,१९७. याच्या अंकांची बेरीज २८, म्हणजे आता यात ३ उरला नाही. ७ ने भागा: ४,६३,१७१. यात पुन्हा ७ आहे का? गट ४६३ आणि १७१, फरक २९२, त्याला ७ ने भागलं तर ५ उरतात. नाही.

इथे थांबून आपण कुठे आलो ते पाहा. सुरुवातीला मर्यादा ९,३५६ होती. आता उरलेल्या ४,६३,१७१ चं वर्गमूळ ६८० च्या आसपास. प्रत्येक अवयव निघाला की मर्यादा अशी खाली येते. म्हणून छोट्या मूळ संख्यांपासून सुरुवात करायची आणि सापडलेला अवयव लगेच काढून टाकायचा. पुढची बाकी पुन्हा मूळच्या मोठ्या संख्येवर काढत बसायचं नाही.

११ आणि १३ आधीच बाद झाले आहेत. पुढे चला. ४,६३,१७१ ला

१७ ने भागलं, बाकी ६;
१९ ने, बाकी ८;
२३ ने, बाकी २०;
२९ ने, बाकी १२;
३१ ने, बाकी ०.

४,६३,१७१ = ३१ × १४,९४१. मर्यादा एकदम १२२ वर आली (१२२ चा वर्ग १४,८८४). आता १४,९४१ घ्या. ३१ पुन्हा करून पाहायचा, कारण एकच अवयव दोनदा येऊ शकतो: बाकी ३०. पुढे ३७ ने बाकी ३०, ४१ ने १७, ४३ ने २०, ४७ ने ४२, ५३ ने ४८, ५९ ने १४, ६१ ने ५७. आणि ६७ × २२३ = १४,९४१. बाकी शून्य.

मध्ये ३३, ३५, ४९, ५१, ५७ असे आकडे का घेतले नाहीत? त्यांचे स्वतःचे अवयव ३, ५, ७, १७, १९ आपण आधीच तपासून झाले. मूळ संख्यांनीच भागायचं हा नियम वेळ वाचवतो.

उरला २२३. त्याचं वर्गमूळ १५ च्या आत, आणि २, ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कशानेही भाग जात नाही. म्हणजे २२३ मूळ. काम संपलं:

८,७५,३९,३१९ = ३³ × ७ × ३१ × ६७ × २२३

उलटा गुणाकार करून खात्री करा: २७ × ७ = १८९; १८९ × ३१ = ५,८५९; ५,८५९ × ६७ = ३,९२,५५३; ३,९२,५५३ × २२३ = ८,७५,३९,३१९. अकराशेहून अधिक मूळ संख्या तपासायची तयारी ठेवली होती, पण ६७ वर येऊन थांबलो.

दर वेळी इतकं सोपं जात नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. दोनच मोठे मूळ अवयव असलेली संख्या फार छळते. २ चा ६७ वा घात उणे १ ही २१ अंकी संख्या घ्या. १६४४ मध्ये फ्रेंच गणिती मर्सेन यांनी ती मूळ असल्याचं म्हटलं होतं. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ती मूळ नाही हे सिद्ध केलं, पण एकही अवयव न दाखवता. अवयव मिळाले ते १९०३ मध्ये, फ्रँक नेल्सन कोल यांना: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. संख्या संयुक्त आहे हे कळणं आणि तिचे अवयव सापडणं, यांत असं २७ वर्षांचं अंतर पडू शकतं. तुमच्या संख्येला काही हजारांपर्यंतच्या कुठल्याच मूळ संख्येने भाग गेला नाही, तर हाताने पुढे रेटण्यात अर्थ नाही. ते काम संगणकाकडे द्या आणि अवयव घेऊन पुढच्या पायरीवर या.

विभाजकांचा हिशोब

हा भाग पटकन उरकतो. विभाजक किती, हे काढायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करायचा. घातांक ३, १, १, १, १; म्हणून ४ × २ × २ × २ × २ = ६४ विभाजक.

सगळ्या विभाजकांची बेरीज हवी असेल तर एकेक विभाजक लिहू नका. (१ + ३ + ९ + २७)(१ + ७)(१ + ३१)(१ + ६७)(१ + २२३), म्हणजे ४० × ८ × ३२ × ६८ × २२४ = १५,५९,७५,६८०. कंस सोडवला की प्रत्येक विभाजक बरोबर एकदा येतो, म्हणून हे चालतं. यातून संख्या स्वतः वजा केली तर ६,८४,३६,३६१ उरतात. ते आपल्या संख्येपेक्षा कमी आहेत, म्हणजे ही संख्या परिपूर्ण नाही (तशी असती तर दोन्ही सारखे आले असते), न्यून आहे.

१ पासून या संख्येपर्यंतच्या किती संख्यांशी तिचा एकही सामाईक अवयव नाही, हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. तिथे २७ साठी १८ घ्यायचे (२७ पैकी ९ जणांना ३ ने भाग जातो), आणि बाकीच्या प्रत्येक अवयवातून १ कमी करायचा: १८ × ६ × ३० × ६६ × २२२ = ४,७४,७२,४८०. निम्म्याहून अधिक.

वर्गांच्या बेरजेत मांडता येते का?

आता त्या जपून ठेवलेल्या बाक्यांकडे वळू. कुठल्याही वर्गाला ४ ने भागलं तर बाकी ० किंवा १ उरते. दोन वर्ग मिळवले तर ०, १ किंवा २. आपली बाकी ३ आहे. म्हणजे ही संख्या दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही.

तीन वर्गांची? वर्गाला ८ ने भागलं तर बाकी ०, १ किंवा ४ येते. या तीन आकड्यांमधून कुठलेही तीन घ्या, तोच आकडा पुन्हा घेतलात तरी चालेल. बेरजेची आठची बाकी ७ कधीच येत नाही. आपली बाकी नेमकी ७. म्हणजे तीन वर्गही पुरत नाहीत.

चार मात्र पुरतातच. प्रत्येक पूर्ण संख्या चार किंवा त्याहून कमी वर्गांची बेरीज असते, हे लाग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केलं. पण सिद्धांत सांगून सोडून देण्यापेक्षा ते चार वर्ग शोधून पाहण्यात मजा आहे. सर्वांत मोठा वर्ग म्हणून ९,३५६ चा घेतला तर उरतात ४,५८३. याला ८ ने भागा: बाकी पुन्हा ७! म्हणजे ४,५८३ तीन वर्गांत बसणारच नाही. ही वाट सोडा. एक पाऊल मागे येऊन ९,३५५ घ्या: त्याचा वर्ग ८,७५,१६,०२५, उरले २३,२९४. आता आठची बाकी ६, म्हणजे आशा आहे. १५२ चा वर्ग २३,१०४ घेतला तर १९० उरतात, पण १९० दोन वर्गांत बसत नाही. १५१ चा वर्ग २२,८०१ घेतला तर उरतात ४९३, आणि ४९३ = ४८४ + ९. म्हणून

८,७५,३९,३१९ = ९,३५५² + १५१² + २२² + ३²

बाकी माहीत होती म्हणून चुकीची वाट पहिल्याच पावलाला सोडता आली. बाकी लिहून ठेवायला म्हटलं होतं ते यासाठी.

घनांची बेरीज: इथे ही संख्या बोलू लागते

वर्गांच्या बाबतीत या संख्येने पूर्ण चारही जागा मागितल्या. घनांचं काय?

आधी झटपट चाचणी. कुठल्याही घनाला ९ ने भागलं तर बाकी ०, १ किंवा ८ येते. म्हणून दोन घनांच्या बेरजेची नवाची बाकी ३, ४, ५ किंवा ६ असूच शकत नाही. आपली बाकी ०. दार बंद नाही.

आता शाळेतलं सूत्र आठवा:

अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²)

म्हणजे संख्या दोन घनांची बेरीज असेल, तर (अ + ब) हा तिचा विभाजक असलाच पाहिजे. मोठी संख्या धुंडाळत बसण्याऐवजी आता फक्त विभाजक तपासायचे. दुसरा कंस (अ + ब)² − ३अब असाही लिहिता येतो. म्हणून एखादा विभाजक ‘बेरीज’ म्हणून धरला, की

अब = (बेरजेचा वर्ग − संख्या ÷ बेरीज) ÷ ३

बेरीज आणि गुणाकार दोन्ही मिळाले की अ आणि ब मिळाले.

विभाजक तर ६४ आहेत. पण सगळे तपासावे लागत नाहीत. दोन गाळण्या लावा.

पहिली: दोन धन संख्यांच्या बेरजेचा घन त्यांच्या घनांच्या बेरजेहून मोठा असतो, पण तिच्या चौपटीपेक्षा मोठा कधीच नसतो. म्हणून अ + ब हे संख्येच्या घनमूळापेक्षा मोठं आणि संख्येच्या चौपटीच्या घनमूळाच्या आत हवं.

दुसरी: अ³ − अ म्हणजे (अ − १) × अ × (अ + १), लागोपाठच्या तीन संख्यांचा गुणाकार, त्याला ६ ने नेहमी भाग जातो. म्हणून अ + ब ला ६ ने भागल्यावर उरणारी बाकी आणि संख्येला ६ ने भागल्यावर उरणारी बाकी सारखीच असली पाहिजे.

आधी हात बसवायला १,७२९ घेऊ, हार्डी आणि रामानुजन या गणितज्ञांमुळे जगभर ओळखीची झालेली संख्या. १,७२९ = ७ × १३ × १९. घनमूळ १२ च्या किंचित वर, चौपटीचं म्हणजे ६,९१६ चं घनमूळ १९ च्या किंचित वर. तर बेरीज १३ ते १९ मधली हवी. त्यात विभाजक दोनच: १३ आणि १९. दोघांचीही सहाची बाकी १, संख्येचीही १. बेरीज १३ धरली: १,७२९ ÷ १३ = १३३; १६९ − १३३ = ३६; त्याचा तिसरा हिस्सा १२. बेरीज १३, गुणाकार १२: म्हणजे १२ आणि १. बेरीज १९ धरली: ९१; ३६१ − ९१ = २७०; तिसरा हिस्सा ९०. बेरीज १९, गुणाकार ९०: म्हणजे १० आणि ९. दोन विभाजक, दोन रीती, आणि तिसरी रीत नाही याचा पुरावाही त्यातच आला.

आता आपली संख्या. घनमूळ ४४४ च्या वर, म्हणून बेरीज निदान ४४५. चौपट ३५,०१,५७,२७६, तिचं घनमूळ ७०४ आणि ७०५ च्या मध्ये. तर बेरीज ४४५ ते ७०४. या पट्ट्यात येणारे विभाजक अवयवांची जुळणी करून काढा. ६७ आणि २२३ दोन्ही घेतले तर १४,९४१ होतात, फार मोठे. एकेक घेऊन पाहिलं की चारच सापडतात:

४६९ = ७ × ६७
६०३ = ९ × ६७
६५१ = ३ × ७ × ३१
६६९ = ३ × २२३

आपली संख्या विषम आणि ३ ने विभाज्य, म्हणून सहाची बाकी ३. बेरजेलाही ३ ने भाग गेलाच पाहिजे. ४६९ ला जात नाही, तो गळला. उरले तीन.

बेरीज ६०३: संख्या ÷ ६०३ = १,४५,१७३. ६०३ चा वर्ग ३,६३,६०९. फरक २,१८,४३६, तिसरा हिस्सा ७२,८१२. आता (अ − ब)² = बेरजेचा वर्ग − ४अब = ३,६३,६०९ − २,९१,२४८ = ७२,३६१. हा पूर्ण वर्ग आहे का? २६९ × २६९ = ७२,३६१. आहे! बेरीज ६०३, फरक २६९: संख्या ४३६ आणि १६७.

बेरीज ६५१: भागाकार १,३४,४६९. वर्ग ४,२३,८०१. फरकाचा तिसरा हिस्सा ९६,४४४. (अ − ब)² = ३८,०२५ = १९५². संख्या ४२३ आणि २२८.

बेरीज ६६९: भागाकार १,३०,८५१. वर्ग ४,४७,५६१. तिसरा हिस्सा १,०५,५७०. (अ − ब)² = २५,२८१ = १५९². संख्या ४१४ आणि २५५.

तिन्ही जुळले.

४३६³ + १६७³ = ८,२८,८१,८५६ + ४६,५७,४६३ = ८,७५,३९,३१९
४२३³ + २२८³ = ७,५६,८६,९६७ + १,१८,५२,३५२ = ८,७५,३९,३१९
४१४³ + २५५³ = ७,०९,५७,९४४ + १,६५,८१,३७५ = ८,७५,३९,३१९

दोन धन संख्यांच्या घनांची बेरीज म्हणून तीन वेगवेगळ्या रीतींनी मांडता येणारी ही सर्वांत लहान संख्या आहे. जॉन लीच यांनी ती १९५७ मध्ये शोधली. १,७२९ दोन रीतींनी मांडता येते हे फ्रेनिकल द बेसी यांना १६५७ मध्येच ठाऊक होतं. दोन रीतींवरून तीन रीतींवर यायला तीनशे वर्षं गेली. याहून लहान संख्या नाही हे दाखवायला पुष्कळ जास्त मोजणी लागते. पण या संख्येला चौथी रीत नाही, हे मात्र आपण आत्ता कागदावर सिद्ध केलं, कारण त्या पट्ट्यात चौथा विभाजक उरलाच नाही.

तिन्ही बेरजांचे अवयव पुन्हा एकदा पाहा: ९ × ६७, ३ × ७ × ३१, ३ × २२३. तीन सोडून संख्येचा प्रत्येक मूळ अवयव कुठल्या तरी एका बेरजेत बरोबर एकदा आला आहे. आणि ७, ३१, ६७, २२३ या चौघांनाही ३ ने भागलं तर बाकी १ उरते. हा योगायोग नाही. ज्या मूळ संख्यांची तीनची बाकी १ असते, त्याच (आणि ३ स्वतः) अ² − अब + ब² या रूपात मांडता येतात: ७ = ९ − ३ + १, ३१ = ३६ − ६ + १, ६७ = ८१ − १८ + ४, २२३ = २८९ − १०२ + ३६. घनांच्या सूत्रातला दुसरा कंस हाच. असे अवयव भरपूर असले की घनांच्या जोड्या जुळण्याची शक्यता वाढते. म्हणून एखाद्या संख्येच्या अवयवांत ७, १३, १९, ३१, ३७ अशी मंडळी दिसली, तर घनांची पायरी टाळू नका.

स्वतः करून पाहायला

पहिली संख्या ४,१०४, म्हणजे २³ × ३³ × १९. बेरीज १७ ते २५ मध्ये हवी. त्यात तीन विभाजक येतात. सहाच्या बाकीने एक गळतो आणि उरलेले दोन्ही जुळतात.

ती जमली की १३ अंकी ६९,६३,४७,२३,०९,२४८ घ्या. चार रीतींनी दोन घनांची बेरीज होणारी ही सर्वांत लहान संख्या. अवयव इथे देऊन ठेवतो: २ चा १० वा घात, ३³, ७, १३, १९, ३१, ३७ आणि १२७. बेरीज १९,०९६ ते ३०,३१२ च्या दरम्यान आणि ६ ने विभाज्य हवी. या वेळी त्या पट्ट्यात बरेच विभाजक सापडतील आणि सगळे जुळणार नाहीत. कुठे अब पूर्ण संख्या येईल पण (अ − ब)² पूर्ण वर्ग निघणार नाही, अशा ठिकाणी तो विभाजक सोडून पुढचा घ्या. एक जोडी २,४२१ आणि १९,०८३ ची आहे, बेरीज २१,५०४. उरलेल्या तीन तुम्ही काढा.